अडतीस रियालचा पडदा

इम्तियाज, तू विचारलंस, मीही घेऊ का?
तर ऐक. तीन आठवडे वापरून सांगतोय,
दुकानातल्या पोराची पोपटपंची नाही ही.

रुवीत, बँकांच्या मागच्या गल्लीत
शमीरने खोका फोडला तेव्हा पडद्यावर
धबधबा, मोर, कापलेलं कलिंगड.
दुकानात सगळेच पडदे गोरेगोमटे,
बघायच्या कार्यक्रमातल्या मुलासारखे.
खोलीवर आणला, मग खरा चेहरा.

आधी काळा.
दिवा मालवून पडदाभर काळा रंग लावला.
काळा नाहीच तो.
चार पावसाळे काढलेल्या छत्रीसारखा विटका,
आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतो,
जणू कुणी दार ओढून घ्यायचं विसरलंय
आणि पलीकडे अजून कोणीतरी जागं आहे.
पहिल्या रात्री चिडलो.
आता त्या कोपऱ्यासमोर गजराचं घड्याळ ठेवलंय.

वेग. खोक्यावर लिहिलंय, एक मिलिसेकंद.
लिहायला काय, पत्रिकेवरही लिहितात
आपली उपस्थिती हाच आहेर.
चेंडू मारला की मागे पुसट शेपूट राहतं.
सेटिंगमध्ये शिरून वेग चढवला
तर शेपूट जातं, चेंडूला पांढरी कड येते.
मधल्या खुणेवर ठेव.

तोडणकर म्हणाला, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ म्हणजे काय रे?
म्हटलं, चित्र सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा
नव्याने येतं.
आणि आपण? म्हणाला. दोन वर्षांतून एकदा.
मग आम्ही बर्फाचा रस्ता निवडला.
बाहेर रात्री अकराला एकोणचाळीस अंश,
एसी धापा टाकतोय,
आणि तोडणकर घामाघूम होऊन शिव्या घालतोय,
गाडी बर्फात रुतली म्हणून.

रोजच्या कामाला चांगला.
ओव्हरटाइमचा तक्ता आडवा सगळा मावतो,
कापलेले तास कुठे कापले ते एका नजरेत दिसतं.
आपली जोडाक्षरं कडेला जरा फाटतात.
स्टँड डुगडुगतं. टाइप करायला लागलो
की पडदा मान डोलावतो,
साहेबासमोर आपला फोरमन डोलावतो तशी.

बाजूने पाहिलं तर माणसं पिवळी पडतात,
व्हिडिओ कॉल समोरच बसून कर.
तुझ्या वहिनीच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे,
फोनवर कधी दिसला नव्हता.
विचारलं, कधीचा?
मागच्या दिवाळीचा, म्हणाली, चकल्या तळताना.
चोवीस इंच हवेत का, ते तू ठरव.

आणि एक ठिपका मेलेला आहे.
वरून चार बोटं खाली, जरा उजवीकडे.
खेळताना दिसत नाही, आकाशात हरवतो.
पण परवा तिचा निरोप आला,
कलमांना खत घालायचं राहिलं,
आणि तो नेमका 'ख'च्या डोक्यावर.
मी वाचलं, खंत घालायचं राहिलं.
व्याकरण चुकलंय, एवढंच आधी सुचलं.
बोटाने पुसलं, मग बनियनने,
मग ओळ वर सरकवली तेव्हा कळलं.

सात दिवसांत बदलून मिळत होता.
एका ठिपक्याला कंपनी विचारत नाही,
पण तुमच्यासाठी बघतो, शमीर म्हणाला होता.
सहाव्या दिवशी पावती खिशात घालून रुवीला गेलो,
दुकानासमोर कडक चहा प्यालो,
परत आलो. का ते विचारू नकोस.

तर घे. अडतीस रियालला याहून बरा मिळायचा नाही.
केबल वेगळी घे, खोक्यातली आखूड आहे.
स्टँडखाली पुठ्ठा दुमडून सरकव.
आणि खोका फेकू नकोस,
थर्माकोलसकट पलंगाखाली ठेव.
आपल्याला कधी काय बांधून निघावं लागेल,
सांगता येत नाही.